भाजलेली माती

चिसांगा
३ मार्च १९९६

नकांडू,

हे पत्र रोपांबद्दल आहे. तुझ्या डिसेंबरच्या पत्राचं उत्तर यात नाही, तेव्हा ते शोधू नकोस.

मुसुकूची, आपल्या त्या रानफळाच्या झाडाची, रोपं यंदाही थांबली. चार पानं येतात, पाचवं येतं ते पिवळं, आणि मग काही होत नाही. मरतही नाहीत. काळ्या पिशव्यांत नुसती उभी असतात. गेल्या वर्षी हेच झालं तेव्हा मी म्हटलं, बी जुनं असेल. यंदा फळं मी स्वतः वेचली, गर धुतला, त्याच दिवशी बी लावलं. पाणी मी घालते, ऊन यायच्या आधी. गवताची सावली केली आहे. तण औषधालाही सापडणार नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर कामिल आमच्या वाफ्यांवरून पांढरा रुमाल फिरवायच्या म्हणून आम्ही हसायचो. माझ्या वाफ्यावरून आज कोणी रुमाल फिरवला तर तो पांढराच राहील.

सांपा होता तेव्हा रोपं पहिल्या वर्षात गुडघ्याला लागायची. मी सगळ्यांना सांगायचे, माझ्या मुलाच्या हाताला गुण आहे. आता बसल्या बसल्या आठवतं की तो बी लावायचा, पाणी घालायचा, पण माती तू भरायचीस. बिअरच्या त्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या डब्यांत. टेकडीवरून कमरेला गुंडाळलेल्या चितेंगेच्या ओच्यात काहीतरी घेऊन यायचीस आणि डब्याडब्यात मूठ मूठ टाकायचीस. मी कधी विचारलं नाही. मला तुझा मळलेला चितेंगे तेवढा दिसायचा.

त्यात काय असायचं ते कळव.

परवा माझा भाऊ आला होता, मातेयो. तुला माहीत आहे तो कसा येतो, आधी कोंबड्यांची चौकशी करतो, मग माझी.

"तेक्ला, त्या पोरीला मोकळं कर," म्हणाला. "भाचा जाऊन तिसरा पावसाळा संपत आला."

"मी काय तिला बांधून ठेवलंय?"

"पांढरे मणी कुणाच्या पेटीत आहेत? आईने मणी काढून द्यायचे, मामाने मनगटात बांधायचे, की मेलेल्याचा बायकोवरचा हक्क उतरला. मी मनगट शोधू का तुझी पेटी फोडू?"

हे तो मला अशा थाटात समजावतो, जणू मी परदेशातून आले आहे. मी त्याला मक्याच्या पिठाची उबवाली वाढली. तो जेवून गेला.

मणी बांधल्याशिवाय त्या सुताराच्या घरात तुला जाता येत नाही, हे मला कळतं. त्याचं नाव जोसाफात आहे आणि तो शाळेची बाकं करतो, हेही तुझ्या पत्रात वाचलं. दोनदा वाचलं.

माझी तब्येत ठीक आहे. वेळेवर जेवते.

तेक्ला


चिसांगा
७ एप्रिल १९९६, ईस्टर

नकांडू,

तुझं उत्तर आलं. कित्वेहून इथवर एवढा प्रवास करून आलेल्या पाकिटात चार ओळी. मी त्या इथे उतरवते, म्हणजे तुला कळेल की मी नीट वाचल्या.

"मायो, तुम्ही माती भाजता का? भाजू नका. म्हाताऱ्या मुसुकूखाली जिथे पिवळी चितोंडो अळंबी येतात, तिथली पाल्याखालची माती आणा, प्रत्येक रोपाला मूठभर. तिच्यातले पांढरे धागे झाडाला जेवू घालतात. मणी?"

शेवटच्या शब्दाबद्दल मी आज काही लिहिणार नाही.

हो, भाजते. तुला कसं कळलं ते कळलं नाही, पण खरं आहे. अर्धं कापलेलं पत्र्याचं पिंप घ्यायचं, खाली जाळ, आत माती, आणि मातीत एक रताळं पुरायचं. रताळं शिजलं की माती स्वच्छ झाली. सिस्टर कामिलनी शिकवलं. त्या मातीत टोमॅटो असे यायचे की बिशप आले तेव्हा परडी भरून दिली होती. रताळं आम्ही मुली वाटून खायचो, मातीचा वास लागलेलं. इतकं चवदार रताळं मी नंतर कधी खाल्लं नाही. बुरशी म्हणजे घाण, एवढं आम्हाला पाठ होतं. पावाला लागली की पाव टाकायचा, पुस्तकाला लागली की पुस्तक उन्हात. झाडं तिच्या जिवावर जगतात हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. सिस्टरांना तरी कुठे माहीत असणार, त्यांच्या देशात मुसुकू नाही.

म्हणजे दोन वर्षं मी रोपांचं जेवण भाजून काढत होते आणि वर त्यांना वेळेवर पाणी देत होते.

आज मिस्सा झाल्यावर एक रोप पिशवी फाडून पाहिलं. मूळ शिवणाच्या दोऱ्याएवढं, सरळ, टोकाला काही नाही.

आता अडचण ऐक. टेकडी राहिली नाही. तू गेलीस त्याच्या पुढच्या कोरड्या हंगामात कोळसेवाले चढले आणि दोन वर्षांत ती पोत्यांत भरून गेली. वर आता गवत आहे. सांपा त्या टेकडीसाठीच रोपं करत होता असं लोक म्हणतात, ते खरं नाही. तेव्हा ती भरलेली होती, तो नदीकाठासाठी करत होता. टेकडीसाठी मी करते आहे. म्हातारे मुसुकू आता एकाच ठिकाणी उरलेत, कारण तिथे कुऱ्हाड न्यायची नसते. कुठे ते तुला माहीत आहे. त्यातल्या एकाखाली आपला माणूस आहे.

आणि तिथली माती पदरात घेऊन येताना एखादी बाई दिसली, तर लोक तिला काय म्हणतात तेही तुला माहीत आहे. मी इथे तीस वर्षं शाळा चालवली. तरीही म्हणतील.

तू पिशव्या मागितल्या नसत्यास तर तो म्पिकाला गेला नसता, असं मी मर्तिकात म्हटलं होतं. अशा दिवशी माणूस काहीही बोलून जातो. ते तू मनात ठेवू नयेस.

तेक्ला


चिसांगा
२६ मे १९९६

नकांडू,

माती मिळाली. कशी ते सांगते, तुला हसू येईल. मला आलं नाही, पण येण्यासारखं होतं.

दोरिका आठवते ना, पावसाच्या कुळातली, दात पडलेली, चर्चमध्ये सगळ्यांत पुढे बसून घोरते ती. आम्ही अळंब्यांच्या कुळाचे, म्हणून तिला आमची वाटेल ती थट्टा करायचा हक्क, आणि आम्ही मेलो की आमची कबर खणायचं कामही तिच्याच माणसांचं. तर मी तिच्या ओसरीवर जाऊन बसले आणि अडचण सांगितली.

"म्हणजे अळंब्यांना अळंबी हवीत," ती म्हणाली. "आणि आणायला पाऊस हवा."

"तिथली माती हलवायचा हक्क तुमचाच आहे, दोरिका. मी कुदळ घेऊन गेले तर मला चेटकीण म्हणतील."

"तुला चेटकीण कोण म्हणणार? चेटकिणीला काहीतरी जमतं तरी. तुझ्याकडे दोन वर्षांत एक काडी वाढली नाही."

"माती देशील का ते बोल."

"कोंबडी. लाल. आणि तू सोलायचीस, मी बसून बघणार. बाईसाहेबांच्या हाताला पिसं लागलेली मला बघायचीत."

मी कोंबडी नेली, सोलली. तिने शेजारणींना बोलावून दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आणि तिची दोन माणसं मोठी टोपली घेऊन गेली. मी वाटेवर थांबले. परत आली तेव्हा टोपलीवर ओलं फडकं होतं. तिने ते बाजूला करून मला वास घ्यायला लावला. अळंब्यांचा, पावसाचा, जुन्या कपाटाचा. पाल्याच्या पापुद्र्यांमधून पांढरे धागे गेले होते, उसवलेल्या लेसच्या धाग्यांसारखे. आम्हाला कॉन्व्हेंटात लेस विणायला शिकवायचे. मी बोट लावलं नाही, तुटतील म्हणून.

"तुझ्या मुलाच्या डोक्याकडची नाही, पायाकडची आणली," दोरिका म्हणाली. "नाहीतर रोपं त्याच्यासारखी बडबड करतील."

हे असं बोलायचा तिला हक्क आहे. मर्तिकातही ती अशीच बोलली होती आणि लोक हसले होते. मी टोपली घेतली.

आम्ही दोघींनी मिळून माती घातली. बोटाने मुळाजवळ भोक, त्यात मूठ, वरून पाला. ती काम करताना गप्प बसत नाही. अर्धा वाफा झाल्यावर म्हणाली, "पण तुझी सून बरी होती. डब्यांत लावायची. आमच्या पोरांनी बिअर प्यायची आणि डबे तिला द्यायचे, सगळं गाव तिच्या कामाला लागलं होतं. तिला या काळ्या पिशव्या कशाला हव्या झाल्या?"

मी म्हटलं, "इकडचा कोपरा राहिलाय."

"मी काहीतरी विचारलं, अळंबे."

"ऐकलं."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग तिने कोपरा केला. तिने अजून काही विचारलं असतं तर बरं झालं असतं की वाईट, हे मला ठरवता आलेलं नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मणी पेटीतच आहेत, सांपाच्या पहिल्या कम्युनियनच्या शर्टात गुंडाळलेले. ते देताना आईने चार माणसांत म्हणायचं असतं, "हिच्याकडे आमचं काही राहिलं नाही, हिच्यावर आमचा काही बोल नाही." मातेयोला वाटतं मला मणी देववत नाहीत. मणी देता येतील.

तेक्ला


चिसांगा
११ ऑगस्ट १९९६

नकांडू,

थंडीत कुठलंच झाड वाढत नाही असं म्हणतात. माझी रोपं वाढली. बहुतेकांना आठ पानं आहेत, वरची तांबूस, तुकतुकीत. पिवळेपणा गेला. दहाबारा मेली, ती आधीच गेल्यात जमा होती. काल एक पिशवी फाडली. मुळांची टोकं आखूड आणि जाड झाली आहेत, त्यांना दोन दोन बोटं फुटली आहेत, आणि प्रत्येक बोटावर फिकट पांढरं आवरण आहे, तान्ह्या बाळाच्या मोज्यासारखं. मी ते रोप पुन्हा मातीत ठेवलं. चर्चच्या बायका येऊन बघून जातात. मला आनंद व्हायला हवा. मी त्यांना चहा देते.

तुझं जुलैचं पत्र आल्याला तीन आठवडे झाले. ते मी कुणाला दाखवलेलं नाही. "मणी घेईन, पण आधी मामांना सांगा पिशव्या कुणाला हव्या होत्या. मर्तिकात मी चितेंगेखाली तोंड झाकून होते. विधवेने बोलायचं नसतं. तुम्हाला बोलता येत होतं."

तुला येत नव्हतं. मला येत होतं. बरोबर आहे.

मग आता तुला तरी सगळं लिहून टाकते. तुला माहीत असलेलंच आहे, पण मी ते कधी माझ्या अक्षरात पाहिलेलं नाही.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात विभागाचे फादर येणार होते. माझ्या दारासमोर, चर्चच्या भिंतीला लागून तुझे डबे ओळीने मांडलेले होते, चारशे, प्रत्येकावर बिअरचं चित्र. मला ते बघवत नव्हतं. मी कॉन्व्हेंटची मुलगी आणि माझ्या दारात गुत्त्यासारखी रांग. तुला मी काही बोलले नाही, कारण तू ऐकलं असतंस आणि तोंड पाडलं असतंस. सांपाला सांगितलं, म्पिकाहून काळ्या पिशव्या घेऊन ये. तो म्हणाला, "आई, झाडांना चित्रं वाचता येत नाहीत." मी म्हटलं, "फादरांना येतात." तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात जाईन, आज अंगात कणकण आहे. मी त्याचा शर्ट इस्त्री करून हातात ठेवला. एवढंच झालं. तो म्पिकाला गेला, काळ्या पिशव्या घेतल्या, आणि येताना मक्याच्या पिठाच्या लॉरीवर चढला, कारण बस निघून गेली होती.

लॉरी उतारावर उलटली. पिशव्यांचा गठ्ठा शाबूत होता. पोलिसांनी तो आणून दिला, सुतळी तशीच बांधलेली. ज्यांत आता रोपं आहेत त्या याच.

मर्तिकात कुणीतरी विचारलं, पोरगा आजारी असताना म्पिकाला कशाला गेला? तू माझ्या समोर चितेंगेखाली बसली होतीस. मी म्हटलं, "बायकोला पिशव्या हव्या होत्या." किती सहज आलं ते. रडून आवाज बसला होता, तरी ते वाक्य स्वच्छ आलं. मग सगळे तुझ्याकडे बघायला लागले आणि माझ्याकडे बघायचे थांबले. मला बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं गेल्यावर मागे काही राहिलं नाही, रडूही नाही. तेव्हापासून मी अशी आहे.

मागच्या रविवारी मातेयोला सांगायचं ठरवून गेले. तो खाटेवर बसून आराम करत होता. मी म्हटलं, "मातेयो, एक सांगायचंय."

"सांग."

"रोपांना आठ पानं आली."

"हे सांगायला दोन मैल चालत आलीस?"

"हो."

"बस. भुईमूग खा."

मी भुईमूग खाल्ला आणि परत आले.

तेक्ला


चिसांगा
२० ऑक्टोबर १९९६

नकांडू,

काल सांगितलं.

मुसुकूची फळं, मासुकू, पिकायला लागली आहेत, म्हणून मातेयोच्या अंगणात बायका जमल्या होत्या, कुळातल्या सगळ्या, आणि दोरिका न बोलावता. टेकडीवर रोपं कधी न्यायची ते ठरत होतं. कुणीतरी म्हणालं, यंदा तेक्लाबाईंनी पाण्याचं काय वेगळं केलं कोण जाणे. मी म्हटलं, मी काही केलं नाही, नकांडूने पत्रातून सांगितलं तसं केलं. तुझं नाव तिथे कुणी घेत नाही.

मग मातेयोची बायको हळूच म्हणाली, "तिने रोपं वाचवली म्हणता, पण पोरगा तर तिच्याच पिशव्यांपायी..."

मी उभी राहिले. वर्गात उभी राहायचे तशीच राहिले, हात पुढे बांधून. मी म्हटलं, "पिशव्या मी मागवल्या होत्या. त्याला बरं नव्हतं. तो नको म्हणत होता. मी पाठवलं. मर्तिकात मी खोटं बोलले आणि ती चितेंगेखाली होती."

एका पोरीच्या हातातून फळ पडलं, ते घरंगळत चुलीपर्यंत गेलं.

मातेयो जमिनीकडे बघत म्हणाला, "तीन वर्षं मी त्या पोरीच्या चुलत्याचं तोंड बघितलं नाही. तो बाजारात समोर आला तर मी रस्ता बदलला."

"माहीत आहे मला."

"तुला माहीत होतं, आणि तू मला बदलू दिलास."

"हो."

तो उठून गोठ्याकडे गेला. त्याची बायको माझ्याकडे पाठ करून फळं निवडू लागली, मग बाकीच्याही. फक्त दोरिका माझ्याजवळ येऊन बसली. तिने एक मासुकू दातांऐवजी हिरड्यांनी फोडलं, गर चोखला, आणि म्हणाली, "अळंबे, तू मेलीस की तुझी कबर मी जरा उथळ खणणार. शिक्षा म्हणून."

"खण."

"पण खणणार मीच. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही."

एवढ्यावर मला रडू येईल असं वाटलं. तेवढ्यात ते गेलं. पण आलं होतं. बऱ्याच दिवसांनी आलं होतं.

संध्याकाळी मातेयो माझ्या दारात आला. आत आला नाही, कोंबड्यांची चौकशीही केली नाही. म्हणाला, "शुक्रवारची बस. मणी काढून ठेव. तिच्या चुलत्याची माफी मी मागेन, तिची तू मागायची. आणि ते वाक्य मोठ्याने म्हणायचं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं."

मणी मी काढले आहेत. दोरा जुना झाला होता, नवा ओवला. अकरा आहेत.

म्हणजे आम्ही तिघं शनिवारी सकाळी तुझ्या दारात असू, मातेयो, मी आणि दोरिका. तिला कुणी येऊ नको म्हणू शकलं नाही. जोसाफातला घरी थांबायला सांग, त्याने बघितलेलं बरं. त्याला बाकं येतात तर पलंगही येत असतील. चांगला, रुंद करून घे, लाकूड ओलं घेऊ देऊ नकोस.

तुला बघून मी काय करीन मला माहीत नाही. कदाचित काहीच करणार नाही, नुसती बसेन. ते तुझ्यावरचं काही आहे असं समजू नकोस. वाक्य मात्र म्हणेन. रोज सकाळी वाफ्याशी उभी राहून म्हणून बघते, येतं.

आम्ही आल्यावर पाणी देशील तेव्हा आधी मातेयोला दे, मग दोरिकाला. माझ्यापर्यंत आलीस तर मी हात पुढे करीन.

तेक्ला